कॅनॉलचा चढ, दुसरा गियर

१ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. कपडे धुतले, मशीन भरून दोनदा. मग खोलीत बसवेना म्हणून आमच्या बंद गॅरेजच्या शटरपर्यंत चालत जाऊन परत आलो. काही काम नव्हतं. मस्कतच्या उन्हात चपलेचा तळ मऊ पडतो.

ताईचा फोन. गाडी कॅनॉलच्या चढावर आजही दमली. बंद नाही पडली, पण वरच्याच गियरमध्ये हुं हुं करत राहिली, खालचा घेईना. मागं टेम्पो हॉर्न वाजवत होता. शेजारी बसलेले वडील, अण्णा, खाली उतरले आणि हातानं टेम्पोला जा म्हणाले. "बैलगाडी अडल्यावर उतरत्यात तसं उतरले," ताई म्हणाली. हसत होती पण पुरती नाही.

मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा मीच शोधली ही गाडी. परभणीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची, शेडमध्ये धूळ खात होती. जुनी, त्यात ऑटोमॅटिक, म्हणून गिऱ्हाईक नव्हतं. आम्हाला तेच पाहिजे होतं. ताईचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला, लोखंडी कॅलिपर घालते. क्लच दाबणं होत नाही. ह्या गाडीला क्लचच नाही म्हटल्यावर तिनं बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही माझी."

तेव्हा गावी, बोरीला, मी स्वतः गियर जुळवून आलो होतो. हाच चढ बिनतक्रार चढायची. मग आता काय झालं.

३ ऑगस्ट

उस्तादला विचारलं. उस्ताद हैदराबादचे. मला कामावर घेतलं ते बोलीवरून. "परभनी? अपनेइच तरफ का है तू." हे माझं इथलं तिसरं गॅरेज. पहिल्या दोन्हीत वर्षभर टिकलो नाही. इथं टिकायलोय, का ते माहीत नाही. माझं काम गियरबॉक्स उतरवायचं आणि धुवायचं. उघडतात उस्ताद.

चहा पिता पिता त्यांनी परत समजावलं. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही. पेडलकडून एक तार डब्यात, म्हणजे गियरबॉक्समध्ये, जाते. पाय किती दाबला हे तार डब्याला सांगते, मग डबा ठरवतो गियर कधी बदलायचा. तार ढिली असली की वरचे गियर लवकर पडतात, चढावर खालचा येत नाही. ताठ असली की उशिरा पडतात, इंजिन ओरडतं, पडताना धक्का बसतो.

"ढीली हुई होंगी. कसने बोल. आधा फेरा."

घरी सांगितलं. अण्णा पेडल पार खाली दाबून बसले, ताई बोनेटमध्ये. तार बोटानं दाबून म्हणाली, "ढिलीच हाय रे." म्हणजे उस्तादचं बरोबर. नट कसा फिरवायचा ते सांगायला लागलो तर म्हणाली, "संतू, शिलाई मशीनचं टेन्शन रोज लावते मी. ढिलं काय अन् ताठ काय, ते मला नको सांगू."

५ ऑगस्ट

चढावर खालचा गियर घेतला म्हणे. पण आता सपाटीवर वरचा लवकर पडत नाही, इंजिन ओरडतंय आणि गाडी धक्का देतेय. मायला गाडीत घेतलं तर तिचं डोकं पुढच्या सीटला लागलं.

म्हटलं फोन चालू ठेवून गाडी चालव, मी ऐकतो. अण्णांच्या खिशात फोन. लायसन्सवाले म्हणून ते शेजारी बसतात, ताईचं अजून कच्चंच लायसन्स आहे. पण फोनवर इंजिन ऐकूच येत नाही. माणूस बोललं की स्पष्ट, इंजिनचा आवाज आला की फोन कापून टाकतो. अण्णांचा तंबाखू मळायचा आवाज तेवढा आला.

आता ठरलं, फोन न करता आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. त्यात इंजिन नीट येतं.

मीटरचा काटा बंद आहे. म्हणून गियर कुठं पडला ते रस्त्यावरच्या खुणांनी. घरापासून आधी हापसा, मग जिनिंगचं गेट, मग चिंच, मग पाण्याची टाकी, मग कॅनॉलचा चढ, तो जाता-येता दोन्हीकडून. पुढं जिंतूर. मी मे मध्ये लावलं होतं तेव्हा:

दुसरा हापशाला. तिसरा जिनिंगला. चढाच्या मध्यावर परत दुसरा.

ताईची आजची क्लिप:

दुसरा हापशाच्या पुढं. तिसरा चिंचेला. अण्णा प्रत्येक धक्क्याला "अरारारा."

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाव फेरा ढिली. तिसरा जिनिंग आणि चिंच यांच्या मधे. चढावर पुन्हा दमली.

पाव फेरा ताठ. चढ बरा, सपाटी खराब.

एक धरावं तर दुसरं सुटतंय. मे मध्ये तर दोन्ही एकत्र जमलं होतं. तोच मी, तीच तार.

ताई आज चिडली नाही. नट फिरवून फिरवून बोट काळं झालंय म्हणाली, आणि त्याच बोटानं एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या ब्लाउजला हात लागला. ते आता तिनंच धुवायचं.

११ ऑगस्ट

अण्णांनी जिंतूरच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. मिस्त्री म्हणाला डबा गेलाय, हा काढून साधा गियरबॉक्स टाकू, क्लच बसवू, माल शोधून ठेवतो, दसरा झाला की गाडी उचलतो.

अण्णा मला फोनवर समजावत होते, मीच लहान असल्यासारखं. "साधा गियर टाकला की मी चालवतो. ट्रॅक्टर चालवतोच की. तिला क्लासला नेऊन सोडीन, घेऊन येईन. तिला काय तरास न्हाई."

मागून ताई: "नेऊन सोडायला मी काय पोतं हाय का, अण्णा?"

अण्णांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग हळू आवाजात मला, "बग, अशी बोलती."

क्लासचं लिहायचं राहिलं. जिंतूरला बचत गटाच्या बायकांना शिलाई शिकवायला ताईला बोलावलंय. आठवड्यातून तीन दिवस, दसरा झाला की सुरू. एसटीची पायरी उंच, कॅलिपरचा पाय हातानं उचलून वर ठेवावा लागतो, तोवर कंडक्टर घंटी मारायच्या बेतात. गेल्या वर्षी असंच एक काम तिनं सोडलं. पायरीचं नाव नाही काढलं, वेळ नाही म्हणाली.

क्लच आला की ही गाडी तिची राहत नाही. एवढंच आहे सगळं.

१२ ऑगस्ट

दुपारी एक डबा धुताना लक्ष नव्हतं, छोटी स्प्रिंग पाण्यासोबत नाल्यात. उस्ताद हातातला पाना ठेवून आले. गुडघ्यावर बसून नाल्यातून काढली त्यांनीच. मग म्हणाले, "दिमाग कहाँ है मियाँ, बोरी में?"

हो म्हणालो.

१६ ऑगस्ट

काल दिवसभर फिरलो. समुद्रापर्यंत गेलो, परत आलो. इथं आठवडा गेला की वाटतं नोकरी सोडून घरी जावं, आणि घरी गेलो की आठ दिवसांत इकडचं डोक्यात येतं. माय म्हणते तुझ्या पायाला चाकं आहेत. मे मध्ये असताना जरा कमी झालं होतं. ताईला गाडी शिकवायचो, बाभळीच्या माळावर. ब्रेक आणि पेडल दोन्हीला एकच उजवा पाय, हे तिला पहिल्याच दिवशी जमलं. मला नाही जमलं असं, माझा डावा पाय सारखा क्लच शोधायचा. ती म्हणाली, "माझ्या डाव्याला सवयच न्हाई कशाची. बरंय."

ताईच्या चार क्लिपा आल्यात. जेवताना ऐकतो. खोलीतला केरळवाला, गॅरेजमध्येही तोच सोबत, विचारतो कुठलं गाणं आहे.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज खांदेमळणी. अण्णांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली. मग माय वाटी घेऊन गाडीकडं गेली. ताई म्हणाली, गाडीला खांदा कुठं असतो? माय म्हणाली, "जिथं वझं पडतं तिथं." आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या वर हळद लावली. फोटो आला. छान दिसतेय गाडी.

मिस्त्रीला गियरबॉक्स मिळालाय म्हणे. नांदेडहून येईल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सापडलं.

लिहिताना हसू येतंय. सकाळी मायला फोन केला, पोळ्याचं विचारायला. बैलांची शिंगं रंगवली, बेगड लावली, नव्या झुली टाकल्या, सगळं सांगितलं तिनं. मग म्हणाली, "तुझ्या गाडीला बी झूल हाय की."

म्हटलं, कुठं? वर टाकली का?

"वर न्हाई. आत, पायाखाली. तू गेल्यावरच टाकली म्या. त्या मधल्या पत्र्याची लय धग लागती. तुझ्या ताईचं ते पायाचं लोखंड तापायचं, पोटरीला चटका बसायचा पोरीला. ती सांगती का कधी? म्या बघितला डाग. मग जुन्या कपड्यांची वाकळ अंथरली. दुहेरी घडी."

मी उजवा पाय जमिनीवर दाबून बघितला, पेडलवर असल्यासारखा. माय हॅलो हॅलो करत होती.

दुहेरी घडीची वाकळ पेडलच्या खाली. पेडल पार टेकतच नाही. ताई सगळा जोर लावून दाबते तेव्हा ते चारातले तीन भागच दबलेलं असतं. म्हणून चढावर डब्याला कळत नव्हतं की पोरगी पूर्ण पाय देऊन बसलीय. म्हणून अण्णा दाबून बसले तरी तार ढिली दिसली. ती मे मध्ये होती तशीच बरोबर होती. बरोबर असलेल्या तारेला आम्ही जवळजवळ तीन आठवडे छळलं.

मायला सांगितलं नाही तिच्यामुळं झालं म्हणून. ताईला सांगितलं. ती इतकी हसली की अण्णा विचारायला आले.

माय म्हणे वाकळीत माझा शाळेचा खाकी शर्ट पण आहे. शाळा सोडली त्या वर्षीचा. शेवटी कुठंतरी कामाला आला, उलटा का होईना.

२३ ऑगस्ट

उस्तादला सांगितलं. उस्ताद पान्याला टेकून हसले. "तार को हात लगाने के पैले पैडल देखते रे हौले. मैं बी नै पूछा. मैं बी हौला." हौला म्हणजे त्यांच्याकडं खुळा. मग सगळ्या गॅरेजला सांगितलं. आज दिवसभर सगळे मला वाकळ म्हणत होते. केरळवाल्याला तो शब्द येत नाही, तो "वाक्कल."

२४ ऑगस्ट

वाकळ काढली. वाकळीशिवाय अण्णांनी परत पेडल दाबलं, ताईनं तार बघितली, नट मागं घेतला. पहिली क्लिप:

दुसरा हापशाला. तिसरा जिनिंगच्या जरा पुढं. चढावर मध्याच्या आधीच दुसरा.

अजून थोडी ताठ आहे. पण जवळ आलोय.

ताईच्या पोटरीला मात्र पुन्हा चटका. तिनं नाही सांगितलं, मायनंच सांगितलं.

२६ ऑगस्ट

वाकळीवरून घरात दोन दिवस चाललंय. ताई म्हणाली अर्धी कापून फक्त डाव्या पायाखाली टाकते, उजवीकडं पेडल मोकळं. माय म्हणाली कात्री नाही लावायची. तुमच्या आजोबांचं धोतर आहे तिच्यात, घरातल्या सगळ्या माणसांचं काहीतरी आहे, आणि कापलेली वाकळ घरात ठेवत नाहीत.

अण्णा म्हणाले, मग पाण्याची ओली पिशवी ठेवू. कुणी लक्ष दिलं नाही.

ताईनं काय केलं, कात्री लावलीच नाही. पिनेनं टाके उसवले. एकेक. सगळे तुकडे सुटे केले, आणि परत दोन वाकळी शिवल्या, एक मोठी, एक पाटाएवढी. माय बसून बघत होती. शेवटी स्वतःच सुई घेतली आणि लहान वाकळीची कड घातली. कोपऱ्यांना बंद लावलेत, सीटच्या पायाला बांधायचे, म्हणजे पेडलकडं सरकायला नको.

फोटोत खाकी तुकडा कडेला दिसतोय.

३१ ऑगस्ट

पाव फेऱ्याचा पण अर्धा ढिली केली. क्लिप:

दुसरा हापशाला. तिसरा जिनिंगच्या गेटावर, अगदी गेटावर. चढाच्या मध्यावर दुसरा. धक्का नाही. अण्णांचा आवाज नाही. मी तीनदा ऐकली, अण्णा आहेत का गाडीत म्हणून. शेवटी म्हणतात, "झोप लागली वाटतं मला."

लय बरं वाटलं. संध्याकाळी दोन डबे जास्तीचे धुतले, कुणी सांगितलं नव्हतं.

७ सप्टेंबर

अण्णांना म्हटलं, आता मिस्त्रीला नाही म्हणून सांगा. अण्णा म्हणाले सांगतो. आवाजावरून कळलं, सांगणार नाहीत.

मग कारण बोलले. काल जिंतूरहून येताना, गाडी तापल्यावर, दुसऱ्यातून तिसरा पडताना मधे सुटल्यासारखी झाली. इंजिन एकदम मोकळं ओरडलं, मग धरलं. "एकदाच झालं. पण ती एकटी असंल तवा झालं म्हंजे? तू तिकडं. मी हितं."

ताईनं हे मला सांगितलं नव्हतं. विचारल्यावर: "एकदाच झालं म्हणून न्हाई सांगितलं."

डब्याचं तेल बघायला सांगितलं. तेल मोजायची दांडी पांढऱ्या कापडावर पुसून फोटो. नवं तेल लाल असतं. हे चहासारखं, कोऱ्या. वास घे म्हटलं. म्हणाली, इस्त्री जास्त तापल्यावर कापडाचा येतो तसला, पण थोडा.

८ सप्टेंबर

उस्तादला फोटो दाखवला. मोठा करून बराच वेळ बघितला. "जला है थोड़ा." डॉक्टरांकडं असताना जळलं, शेडमध्ये, की आम्ही ढिली-ताठ करताना, सांगता येत नाही म्हणाले. आता सगळं तेल एकदम नाही बदलायचं, थोडं काढायचं, थोडं नवं घालायचं, काही दिवस चालवायची, परत तेच. टिकेल का विचारलं.

"टिक भी सकता. मेरे को यहाँ से नै दिखता बेटा."

पहिल्यांदा बेटा म्हणाले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तेल दोनदा झालं. आता फोटोत चहाचा रंग जाऊन विटकरी. सुटायचं कमी झालं, बंद नाही. थंड गाडीला काहीच नाही. तापल्यावर, परतीला, कधीतरी. ताईनं एक शोधून काढलं. तिसरा पडायच्या वेळेला पाय जरा सैल सोडला की तो अलगद पडतो, सुटत नाही. मी सांगितलं नव्हतं. म्हणाली, जाड कापड आलं की मशीनचा पाय पण असाच जरा सोडावा लागतो, नाहीतर सुई मोडते.

उस्तादला सांगितलं. नुसते हं म्हणाले. नंतर एका गिऱ्हाइकाला तेच सांगत होते.

ताई परभणीला गाडीची परीक्षा पास झाली. पक्कं लायसन्स येईल. पेढे मायनं वाटले, त्यातला एक स्टीअरिंगसमोर ठेवला, त्याला मुंग्या लागल्या.

२ ऑक्टोबर. दसरा

गाडीला झेंडूची माळ, पान्यांची पूजा. ताईनं तारेच्या नटाचा पाना मशीनच्या शेजारी ठेवलाय, कात्री आणि टेपच्या रांगेत.

मिस्त्रीचा फोन आला होता, कधी उचलू म्हणून. अण्णा म्हणाले, "आठ दिवस थांब." नाही म्हणाले नाहीत, या पण म्हणाले नाहीत. ताईला म्हणाले, क्लासला एकटी जाऊन ये एकदा, मग बोलू. ताई म्हणाली, बोलायचं काय त्यात. पण सोमवारची तयारी करायला लागली.

दिवाळीला सुट्टी मागितली. उस्ताद म्हणाले देखते.

६ ऑक्टोबर, सोमवार

ताई एकटी गेली.

सकाळची क्लिप: दुसरा हापशाला, तिसरा जिनिंगला. मग टाकीपाशी तिचा आवाज, "आता बंद करते. चढाला दोन्ही हात पाहिजेत मला." आणि क्लिप संपली. मी गाडीच्या खाली होतो, मोबाईल छातीवर. डबा उतरवायचे बोल्ट ढिले केले, परत कसले, परत ढिले केले.

मग मेसेज. पोचले. बायका आल्यात. नंतर.

जाताना गाडी थंड असते. खरं परतीला.

आता इथं जेवणाची सुट्टी चालू आहे. अण्णांचा फोन आला. मागं रस्त्याचा आवाज. कुठं आहात म्हटलं. "कॅनॉलवर. म्हशीला बघायला आलो."

"म्हैस कुठाय?"

"घरी."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. ते म्हणाले, "तू तिला फोन करू नको बरं का. म्या बी केला न्हाई. गाडी चालवताना फोन उचलायचा न्हाई, तिनंच सांगितलंय."

म्हटलं, अण्णा, मला इथून इंजिन ऐकू येत नाही, फोन कापतो ते.

"मला येतंय न्हवं. गप ऱ्हा."

कान लावून बसलो. एक ट्रक गेला, त्यांनी सांगितला, "तिसरा टाकला यानं, मायला उगंच, दुसरा पाहिजे होता." एक एसटी गेली, तिचाही गियर सांगितला. मग बराच वेळ काहीच नाही. हात पुसायचं फडकं घेऊन मी एकाच बोटाला पुसत बसलोय. उस्ताद समोर डबा उघडून बसलेत पण काही करत नाहीत.

मधे मधे हे लिहितोय, फोन कानाला.

अण्णा म्हणाले, "आलं कायतरी."

आपली का?

"माती उडायलीय, दिसंना. आवाज आपल्याच गाडीचा हाय, चढाला लागली. थांब की जरा." मग त्यांचा श्वास. मग, "आता टाकंल बग खालचा."